मायनर

माझा मुख्य विषय खडक.
बेसाल्ट, गाळाचे थर, तांब्याच्या हिरव्या शिरा.
सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावांचं पोट त्यांनीच भरलं,
आणि त्यांनीच रिकामं केलं.
खाली, बारीक टायपात:
सामुदायिक आरोग्य शिक्षण, मायनर, अठरा क्रेडिट.
आई म्हणाली, दगडांना ताप येतो का गं?

ब्रूनो बाईंनी माझं पत्रक हातात घेतलं
आणि शब्द खुडायला लागल्या, भाजी निवडावी तसे.
किरणोत्सर्ग गेला. संपर्क-कालावधी गेला.
जोखीम ठेवावी की काढावी, यावर पाऊण तास.
सहावीतल्या पोराला वाचता आलं पाहिजे, त्या म्हणाल्या,
आणि सत्तरीतल्या माणसाला अपमान वाटता कामा नये.
उरलं ते एवढं:

जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो.
त्याला वास नाही. रंग नाही.
तो तळघरात बसून राहतो.
त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.
मोजून घ्या. पुडी फुकट आहे.

दर गुरुवारी चर्चमध्ये
(तेही तळघरातच)
पेस्टी विकणाऱ्या बायकांशेजारी माझं टेबल.
त्यांच्यापुढे रांग. माझ्यापुढे कोळशाच्या चाळीस पुड्या,
आणि टेबलाचा एक पाय आखूड.
रेइनो हापाला आले, वय ब्याऐंशी.
पत्रक घेतलं, घडीवर घडी घातली, पायाखाली सारलं.
आता नाही हलायचं, म्हणाले.

मग विचारलं, शिकतेस काय?
खडक, मी म्हटलं. आणि हे मायनर.
मायनर? ते हसले, खोकल्यासारखं.
माझा बापही मायनर. एकतीस वर्षं, मैलभर खाली.
त्याला नाही कुणी पुडी दिली.

याला आमच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.
पुस्तकात अडथळ्यांचे प्रकार होते, प्रत्येकापुढे चौकोन.
हापाला एकाही चौकोनात मावेनात.
मी गप्प बसले. खरं तर काही सुचलंच नाही.
वर्गात याला सक्रिय श्रवण म्हणतात,
त्याला गुण असतात.
मग आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
तळघरात ठेवता काय तुम्ही?

लाकडं. मुरंब्याच्या बरण्या. बर्फ उपसायची फावडी.
थांबले.
साइमा.

बायको. घर उतारावरचं,
तळघराचं दार सपाट अंगणात उघडतं.
गुडघे गेल्यापासून ती खालीच झोपते, भट्टीच्या उबेला.
हा चौथा हिवाळा.
त्यांनी एक पुडी उचलली
आणि काडेपेटी टाकावी तशी खिशात टाकली.

चारच्या वर आकडा गेला की दुरुस्ती करा म्हणतात.
त्यांचा आला एकोणीस.
गाडीत बसून मी तो तीनदा वाचला.
वाईट आकडा कसा सांगावा, याचा एक तास होता खरा,
पण त्या दिवशी बर्फामुळे विद्यापीठ बंद होतं.

साइमाबाईंनी आकडा ऐकून घेतला
आणि विचारलं, वेलचीचा पाव घेतेस ना?
पलंग वर आलेला होता.
बैठकीच्या खोलीत, टीव्हीला खेटून, एक बाजू अजून सुटी.
आकडा यायच्या आधीच?
हापाला पान्ह्यानं नट पिळत होते.
पुडी टांगायला वाकलो, म्हणाले,
तर माझं नाक तिच्या उशीपाशी.
नऊ पायऱ्या तिला कशा चढवल्या,
ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही.

अहवालात रकाना होता:
उपक्रम परिणामकारक ठरला का? पुरावा जोडा.
मी लिहिलं, एक पलंग.
बाईंचा शेरा: नमुना फार लहान.
शेऱ्याखाली पेन टेकवून ठेवल्याचा शाईचा ठिपका,
पुढे काही लिहिलेलं नाही.

आमच्या फ्रीजवर, चुंबकाखाली,
ऑक्टोबरपासून एक पुडी बंदच आहे.
उद्या लावू, आई म्हणते.
पत्रक तिनं वाचलंय.
छान लिहिलंयस, म्हणते,
लहान पोरालाही कळेल असं.